फिरती मूठ

"वहिनी आहेत का?"

दार उघडेपर्यंत त्याचा एक पाय चपलेत गेलाही होता. तळमजल्यावरच्या शिकवणीच्या बाई दारात आल्या म्हणजे गाडीचंच काहीतरी असणार, आणि गाडीचं काही असलं की या इमारतीत लोक त्यालाच बोलावणार. आता चपलेत गेलेला पाय बाहेर कसा काढावा, हे त्याला कळेना.

"आहे ना. पण काय झालं? मी येतो की."

"नको हो, तुमचा खांदा दुखतोय. वहिनी म्हणाल्या होत्या, डायनामोचा पट्टा ताणून देते म्हणून."

बायको शिलाई मशीनवरून उठली. तिने पडद्याचं कापड घडी करून बाजूला ठेवलं, खुंटीवरची हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवली आणि म्हणाली, "आमटी गॅसवर आहे, जरा बघाल?"

तो आमटी बघत उभा राहिला.

वीज कचेरीत तो साधा कारकून होता, पण इमारतीत त्याला सगळे इंजिनिअर म्हणत. जुनी गाडी घेतली आणि गॅरेजवाल्याच्या पाया पडणं परवडेना, तेव्हा तो स्वतःच शिकला. पुढे कुणाची स्कूटर अडो, कुणाचा पंप अडो, लोक जिना चढून यायचे. "इंजिनिअरसाहेब, जरा येता?" या तीन शब्दांवर तो जेवणावरून उठायचा. कचेरीत त्याला साहेब म्हणणारं कोणी नव्हतं.

मग उजवा खांदा धरला. हात पुढेमागे होईना. साधी रॅचेट, म्हणजे बोल्ट फिरवायचा खटक्याचा पाना, चालवायची तर दांडा सारखा पुढेमागे हलवावा लागतो, आणि त्याला तर भांग पाडायचीही चोरी झाली. डॉक्टर म्हणाले, वर्षभर तरी लागेल.

तेव्हा बायकोनेच बाजारातून ती नवी रॅचेट आणली होती. हिचा दांडा हलवायचा नाही, नुसती मूठ पिळायची. मूठ फिरली की बोल्टच्या डोक्यावर बसणारी पुढची गोटी फिरते आणि बोल्ट सरसर बाहेर येतो, अडचणीच्या जागीसुद्धा. दुकानदाराने तिच्यापुढे तीन ठेवल्या. महागडी तिने हातातही घेतली नाही. सगळ्यात स्वस्त होती तिची मूठ डगडगत होती. मधली तिने कानाशी धरून फिरवून पाहिली, मशीनचं चाक ऐकतात तशी, आणि तीच घेतली. घरी आल्यावर मूठ गुळगुळीत वाटली, म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा तिच्यावर ताणून बसवला आणि वरून जाड दोऱ्याने चामड्याची पट्टी शिवली. खटका कुठल्या बाजूला ओढला की बोल्ट उघडतो ते पटकन दिसावं म्हणून नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला.

"हात हलवायला नको, नुसतं मनगट," ती म्हणाली होती. "बघा तरी."

"खेळणं आहे हे," तो म्हणाला आणि वर्तमानपत्रात तोंड घातलं.

रॅचेट खुंटीवर लोंबकळत राहिली. एका रविवारी तो झोपला असताना बाईंच्या गाडीची बॅटरी बदलायची वेळ आली आणि बायको ती घेऊन खाली गेली. इतकी वर्षं त्याच्या शेजारी उभं राहून तिने काय काय पाहून ठेवलं होतं, कोण जाणे. त्यानंतर लोक जिना चढून यायचेच, पण विचारायचे, "वहिनी आहेत का?"

तो बाल्कनीत उभा राहून खालचा करकर आवाज ऐकायचा. ती वर आली की विचारायचा, "वॉशर घातलास ना?" तिने घातलेला असायचा. "जास्त पिळलं तर आटे जातात." आटे गेलेले नसायचे. मग तो गुपचूप खाली जाऊन तिचं काम तपासायचा. कुठेतरी चूक सापडावी असं मनातून वाटायचं आणि सापडली नाही की पोटात दुखायचं. एकदा बाई जिन्यात म्हणाल्या, "वहिनींच्या हाताला यश आहे हो!" तो हसला. रात्री मात्र पाठ फिरवून झोपला.

पट्टा ताणून झाला त्या दुपारी इमारतीतले सगळे वामकुक्षीला कलंडले होते. तो साधा पाना घेऊन खाली उतरला. बाईंच्या गाडीचं झाकण कसं उघडतं ते त्याला ठाऊक होतंच. डाव्या हाताने त्याने पट्टा ताणून धरणारा डायनामोचा बोल्ट सैल केला. जास्त नाही, जरासाच. पट्टा किंचाळेल, बाई धावत वर येतील आणि या वेळी "इंजिनिअरसाहेब" म्हणतील, एवढंच त्याच्या मनात होतं.

पण पट्टा नुसता किंचाळून थांबला नाही. दुसऱ्या दिवशी भर चौकात तो निसटला. गाडीत बाईंच्या म्हाताऱ्या आई होत्या, तपासणीला निघालेल्या. भर उन्हात, पाठीमागे कर्कश भोंगे वाजत असताना, दोन अनोळखी माणसांनी गाडी ढकलून कडेला घेतली. म्हातारी घाबरून गाडीतून उतरेना. गाडी दोरीने ओढून आणली तेव्हा निम्मी इमारत खाली जमली होती.

बायको झाकणाखाली वाकली. काम झालं की ती बोल्टपासून खालच्या लोखंडापर्यंत नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढत असे, बोल्ट हलला तर कळावं म्हणून. रेघ तुटली होती. बाजूच्या धुळीत डाव्या हाताची चार रुंद बोटं उमटली होती. तिने तुटलेल्या रेघेवरून बोट फिरवलं. मग सरळ झाली आणि त्याच्याकडे पाहिलं. तो तिची नजर टाळून गाडीच्या टायरकडे बघत राहिला.

"माझाच बोल्ट सैल राहिला," ती बाईंना म्हणाली. "चुकलं माझं."

"जाऊ द्या हो," बाई म्हणाल्या, पण आवाजात आधीचा ओलावा नव्हता. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "प्रत्येकाचं काम ज्याने त्याने करावं." मग बाई त्याच्याकडे वळल्या. "इंजिनिअरसाहेब, आता तुम्हीच बघा."

बायकोने रॅचेट त्याच्या हातात ठेवली आणि ती जिना चढून गेली.

त्याने पहिल्यांदाच ती मूठ धरली. चामड्याची शिवण त्याच्या तळव्यात नेमकी बसली. अंगठा टेकायचा तिथे खळगा होता आणि करंगळीपाशी, जिथे त्याचा हात नेहमी घसरायचा, तिथे जाड गाठ. त्याचा पंजा रुंद होता. तिचा केवढासा! ही मूठ तिच्या हातात कधी मावलीच नसणार. तिने ती पुन्हा उसवून आपल्या मापाची केली नव्हती.

पट्टा चढवून बोल्ट आवळायला वेळ लागला नाही. खांदा जराही दुखला नाही. बाईंनी गाडी चालू करून पाहिली, लोक "वा, इंजिनिअरसाहेब!" म्हणाले आणि पांगले.

तो वर आला तेव्हा ती मशीनवर बसली होती.

"झालं?" तिने मान वर न करता विचारलं.

"झालं."

"ऐकला मी आवाज. बरोबर आहे आता."

तो रॅचेट हातात धरून उभा राहिला. काहीतरी बोलायला हवं होतं. खिडकीतून भरपूर उजेड येत होता, तरी सुईच्या नेढ्यातून दोरा जाईना. तिने दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं केलं, पुन्हा धरलं. ते पुन्हा हुकलं. "आण इकडे" असं म्हणायचा धीर त्याला होईना. ती दोरा ओवत राहिली आणि तो उभाच राहिला.