माधवरावांचा नववा प्रश्न

सारा एकेक खिडकी उघडत निघाली होती आणि सुलक्षणा वाटाणे सोलत होती. घरं विकून देणारी एजंट सारा फ्रान्समध्ये, लुआर नदीकाठी विकायला निघालेल्या एका जुन्या शातोत, म्हणजे महालवजा वाड्यात. सुलक्षणा साउथहॅम्प्टनला, आपल्या स्वयंपाकघरात. मध्ये लॅपटॉप.

“आणि ही बाग. दोनशे वर्षांपूर्वी आखलेली,” सारा इंग्रजीत सांगत होती. “डॉक्टर देव येतायत ना?”

“येतील,” सुलक्षणा म्हणाली आणि तिने पुढची शेंग मोडली.

आता याला काय म्हणावं! डॉक्टर देव म्हणजे तिचे माधवराव, आणि त्यांना जाऊन चार महिने झाले होते. सकाळी लेकीला, शाल्मलीला, तिने फोनवर ठणकावून सांगितलं होतं, की साराला ‘ते गेले, फाइल बंद करा’ एवढं बोलते आणि ठेवते. एकच तर वाक्य. पण बँकेत, कौन्सिलमध्ये, सगळीकडे ते शाल्मलीनेच सांगितलं होतं. सुलक्षणाच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. रडूही आलं नव्हतं. लोक भेटायला यायचे, डबे ठेवून जायचे. ती डबे घासून परत करायची. आत सगळं बधिर होऊन बसलं होतं.

शातो बघणं हा माधवरावांचा रविवारचा उद्योग. घ्यायचा कुठे होता कुणाला! स्वतःच्या घराचं तुंबलेलं गटार साफ करून घ्यायला त्यांना महिना लागायचा, पण बावीस खोल्यांच्या महालाला नाक मुरडायला हे पुढे. जानेवारीत त्यांनी हा शातो बघायची वेळ मागितली. बाग फुलली की दाखवते, म्हणून साराने जून दिला. फेब्रुवारीत ते गेले.

“त्यांनी नऊ प्रश्न पाठवलेत,” सारा म्हणाली. “घेऊ या?”

छप्पर कधी बदललं? मुख्य दार दक्षिणेला तर नाही ना? तळ्यात डास होतात का? सारा बिचारी गंभीरपणे उत्तरं देत गेली. अगदी यांचेच प्रश्न. सुलक्षणाला हसू यायला हवं होतं. तिने वाटाण्यांचं पातेलं जरा पुढे सरकवलं.

“नववा. स्वयंपाकघरातून बायकोने हाक मारली, तर तळ्याकाठी ऐकू येते का? तिचा आवाज लहान आहे. ऐकू आलं नाही की ती चिडते आणि चूक माझी ठरते.” सारा हसली. “हे मात्र मलाही माहीत नाही. बघू या का? मी हा टॅब स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवते, आवाज पूर्ण वाढवते. मी पोचले की हाक मारा.”

सुलक्षणा नको म्हणेपर्यंत ती बाहेर पडलीसुद्धा. खिडकीतून पायऱ्या दिसत होत्या, कातरलेली झुडपं, झाडांची सरळ रांग, आणि लहान लहान होत जाणारी निळ्या कोटातली सारा. तळ्याशी जाऊन ती पाठमोरी उभी राहिली. हात मागे बांधून, माधवराव उभे राहायचे तशीच.

हाक मारायची म्हणजे काय मारायची? सदतीस वर्षांत नवऱ्याला तिने नावाने कधी बोलावलं नव्हतं. एकच शब्द होता, आणि चार महिने तो लागलाच नव्हता.

“अहो,” ती म्हणाली.

सारा हलली नाही.

सुलक्षणा उठली. मांडीवरची टरफलं जमिनीवर सांडली.

“अहो!”

आवाज चिरकला. पार तिकडे, तळ्याकाठी, सारा वळली आणि तिने हात वर केला.

परत यायला तिला बराच वेळ लागला. धापा टाकत ती पडद्यासमोर आली.

“दुसऱ्या हाकेला ऐकू आलं. अगदी स्वच्छ. डॉक्टरांना तसं कळवू?”

“दुसऱ्याच हाकेला यायचे ते,” सुलक्षणा म्हणाली. “नेहमी.”

तिने टेबलाचा काठ धरला.

“सारा, माझे मिस्टर फेब्रुवारीत वारले.”

मग टरफलं गोळा करायला म्हणून ती खाली बसली, आणि तिथेच रडायला लागली.