साडेतीनला घरी गेलेली वैजयंती

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या चटईच्या कारखान्यातून रोज दुपारी साडेतीनला अकरा बायका घरी जात, आणि त्याच अकरा बायका संध्याकाळी साडेसहापर्यंत आत कामावर उभ्या असत.

पद्धत जुनीच होती. जेवणाचा अर्धा तास सोडून सातच्या पाळीचे आठ तास भरले की भोंगा व्हायचा. सगळ्या जणी फाटकाजवळच्या यंत्रात कार्ड घालून सुटल्याची वेळ उमटवून घ्यायच्या आणि तशाच मागे फिरून पुन्हा कामाला लागायच्या. जादा तास कार्डावर दिसू नयेत, एवढाच त्यात हेतू. गणपती उठले आणि त्यानंतर कधीतरी कार्ड आपलं म्हणणं खरं करू लागलं. वेळ उमटली की प्रत्येकीतून एक जण डब्याची पिशवी उचलून फाटकाबाहेर पडायची आणि दुसरी मागाकडे वळायची.

"एक तरी वेळेवर घरी पोचते ना," इंदूबाई तायडे म्हणाल्या. "माझ्या सुनेला तर तीच आवडते. गेल्या गेल्या भाजी निवडायला बसते म्हणे."

वैजयंती सपकाळेला मात्र हे नीट पाहावंसं वाटलं. तिने भौतिकशास्त्रात बीएस्सी केलं होतं आणि तयार चटया तपासायचं काम तिच्याकडे होतं. तिच्यातून निघालेली शाळेतून लेकीला, रेवाला, घरी आणायची, कुकर लावायची. वैजयंती सातला घरी पोचून उंबरा ओलांडायची आणि दोघी एक व्हायच्या. मग रेवाने शाळेतलं जे जे सांगितलेलं असे, ते वैजयंतीला आपण ऐकल्यासारखं आठवायचं.

काही दिवसांनी एक व्हायला तीन मिनिटं लागली. पुढच्या आठवड्यात सहा, त्याच्या पुढच्या आठवड्यात बारा. वैजयंतीने रेवाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडले. दर आठवड्याला उशीर दुप्पट होत होता. कारखान्यात दुप्पट होणारी एवढी एकच गोष्ट तिला आढळली.

पाचव्या आठवड्यात दोघी समोरासमोर जेवायला बसू लागल्या.

"आमटीत मीठ कमी आहे."

"मी बरोबर घातलं होतं."

रेवा एक घास हिच्याकडे बघून खायची, एक तिच्याकडे बघून.

वैजयंतीने हिशेब पुढे नेला. नवव्या आठवड्यात सातशे अडुसष्ट मिनिटं. म्हणजे सकाळचे सात वाजून अठ्ठेचाळीस. तोवर पाळी सुरू झालेली असते. दोघी एक व्हायच्या आतच तिला घराबाहेर पडावं लागणार, आणि घरात दुसरीच राहणार. तिने एक दिवसाची रजा टाकली आणि कामगार कार्यालय गाठलं.

तिथले अधिकारी अत्तरदे यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"जादा कामाला दुप्पट दर. कायदा सरळ आहे, ताई. पण कार्डाप्रमाणे तुम्ही साडेतीनला घरी गेलात."

"गेले ना."

"मग?"

"कामावरही होते."

अत्तरदे यांनी तेही लिहून घेतलं. "शेजारी सांगतील, बाई घरीच होत्या."

"खरंच सांगतील ते."

त्यांनी जरा विचार केला. "एक दिवस सुटताना कार्ड घालू नका. मी चारला येतो. कार्ड कोरं आणि बाई कामावर, एवढं दिसलं की मला लिहिता येतं."

"लिहिल्यावर?"

"तुम्ही तिथे होता, हे ठरतं."

तिला नेमकं हेच ठरवून हवं होतं. आपण कामावर होतो असं एकदा ठरलं, तर घरी गेलेली कोणी उरणारच नव्हती. घरी वैजयंती एकच राहिली असती, साडेसहाला सुटणारी.

तारीख मिळाली ती नवव्या आठवड्यातल्या दुसऱ्या दिवसाची. त्या दिवशी सकाळी ती निघाली तेव्हा दुसरी ओट्यापाशी उभी होती.

"तू जा," दुसरी म्हणाली. "रेवाची वेणी मी घालते."

साडेतीनचा भोंगा झाला. दहा कार्डं यंत्रात गेली. वैजयंतीने आपलं कार्ड मुठीत धरून ठेवलं.

"काय वं वैजयंती, कार्ड?" सुपरवायझर भिरूड म्हणाले.

"आज नाही, सर."

"नाही म्हणजे? किमान वेतन मिळतं ना तुला बरोबर?"

"ते आठ तासांचं झालं."

"अन् पुढच्या तीन तासांत काय उपाशी मरतेस?"

"त्यांचंच विचारायचंय."

"धर पोरी घट्ट!" इंदूबाई मागावरून ओरडल्या. "माझी तर चालली बघ, माझंच पातळ नेसून!"

चारला अत्तरदे आले. त्यांनी आधी कार्डं पाहिली. "या दहा जणी घरी गेल्यात," ते भिरूडांना म्हणाले. मग मागांच्या मधून वाट काढत आत आले. "जरा सरकता का, मावशी?" असं त्यांनी इंदूबाईंना अदबीने विचारलं, इंदूबाई सरकल्या, आणि ते पुढे गेले. इंदूबाईंकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही.

वैजयंतीपाशी येऊन त्यांनी तिचं कोरं कार्ड उलटसुलट केलं. समाधानाने मान हलवली आणि लिहायला घेतलं. सुटल्याची वेळ, नाही. चार वाजून सात मिनिटांनी कामावर हजर. मग कागद तिच्यासमोर ठेवला.

"इथे नाव. खाली सही."

तिने पेन घेतलं, तेवढ्यात मोबाइल वाजला. घरचा नंबर होता. तिने तो खांद्याने कानाशी धरला.

"हॅलो, मावशी," रेवा म्हणाली. "आई विचारतेय, तुम्ही आज जेवायला येणार का? पोळ्या टाकायच्यात."

"रेवा, मी आई बोलतेय."

पलीकडे रेवाने कुणाला तरी हळूच काही विचारलं. ओट्यावर लाटणं ठेवल्याचा आवाज आला. उत्तर द्यायला फार वेळ लागला नाही.

"आई म्हणते, नाव सांगा."

"ताई, नाव," अत्तरदे म्हणाले आणि त्यांनी रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं.

पेनाचं टोक कागदाला टेकलं होतं. तिथे एक निळा ठिपका उमटला, आणि तो पसरतच राहिला.