फाळक्याला टेकून बसायचं कुणी?

मी फाळका. गाडीचा मागचा दरवाजा म्हणा हवं तर. मालक धोंडू मला जे म्हणायचा, ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

माझा जन्म दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीतला. लढाई संपली, मी जिच्या मागे होतो ती गोऱ्यांची छोटी मालमोटार भंगारात निघाली आणि मालवणच्या धोंडूने उचलली. लष्करात मी दारूगोळा सांभाळला, धोंडूकडे सुके बांगडे. बढतीच म्हणायची! फोंड्याचा घाट चढून कोल्हापूरच्या बाजारात आमच्या खेपा व्हायच्या.

माझ्या मधोमध लोखंडी मूठ होती. ती फिरवली की मी उघडायचो, उलटी फिरवली की बंद. पण धोंडूचा चुलतभाऊ महादू तिच्यावर पाय देऊनच वर चढायचा. सत्तावन्न साली, ऐन मे महिन्यात, ती त्याच्या पायाखाली मोडली. धोंडूने मला सुंभाने बांधलं. "इतक्यान चलतला," म्हणाला.

घाटात पहिल्याच चढणीला सुंभ तुटला आणि बांगड्यांच्या दोन पाट्या दरीत गेल्या. धोंडू उतरला, तुटका सुंभ हातात धरून विचारात पडला आणि म्हणाला, "राखणदार रागावलो." घाटाच्या पायथ्याशी राखणदाराचं, म्हणजे घाट राखणाऱ्या देवाचं, ठिकाण आहे. गाडीवाले तिथे नारळ ठेवून पुढे जातात. त्या दिवशी हे घाईत तसेच निघाले होते. झालं, मुठीचा विषयच मिटला.

पुढच्या खेपेला नारळ आला, मूठ काही आली नाही. पायथ्याशी धोंडूने गाऱ्हाणं घातलं, "बा राखणदारा म्हाराजा, चुकला माकला पोटात घाल, नि गाडी वर पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" महादू ओरडला. गाऱ्हाण्याला होकार भरायचं एवढं एक काम तो चोख करायचा.

मग धोंडू त्या खेपेला सोबत आलेल्या बायकोला म्हणाला, "मथुरा, तू मागे बस गो. फाळक्याक पाठ लावन ऱ्हव. सुंभ तुटलो तर पाट्ये धरूक कोण तरी होयो."

मला खरंच भीती वाटली. मी उघडलो असतो तर बांगड्यांच्या आधी मथुरा दरीत गेली असती.

मथुराने सुंभाकडे पाहिलं, घाटाकडे पाहिलं. "राखणदाराक नारळ दिल्यात मां? मग मागे तेकाच बसवा. मी फुडे बसतंय." आणि पदर खोचून ती महादूच्या जागेवर जाऊन बसली.

राखणदार काही गाडीत चढेना, म्हणून महादूला चढवलं. त्याने मला पाठ टेकली तेव्हा त्याचं काळीज किती धडधडत होतं, ते मला पत्र्यातून कळलं.

निघताना धोंडूने पुन्हा हात जोडले. "गाडी सुखरूप ने रे म्हाराजा!"

महादू मागे सुंभाची गाठ चाचपत होता.

"महादू, व्हय म्हण मरे."

"धोंडूदा, आधी मूठ बसव," महादू म्हणाला. "मगे म्हणतंय."

फोंड्याच्या बाजारात गणपत लोहाराचं दुकान होतं. रस्त्यालाच होतं, फक्त आजवर कुणाला दिसलं नव्हतं. दुपारपर्यंत त्याने नवी मूठ घडवून बसवली. धोंडूने ती फिरवून बघितली आणि गहिवरला, "राखणदार पावलो!" गणपत बिचारा ऐकत राहिला. मथुरा मात्र त्यानंतरही कधी मागे बसली नाही.

आता पासष्ट साल. गाडी मोडीत गेली आणि मी धोंडूच्या माडांच्या बागेचं फाटक झालोय. येणाऱ्याजाणाऱ्याला एवढंच सांगणं आहे. देवाला नारळ द्या, अगदी जरूर द्या. पण बायकोला फाळक्याला टेकून बसवण्याआधी एकदा स्वतः बसून बघा.