काचेआडचा जुना कागद

मित्रांनो, पाणीपुरवठा कार्यालयाच्या व्हरांड्यात काचेच्या दाराआड कुलूपबंद असलेला मी एक जुना सूचनाफलक आहे. एका म्हाताऱ्या सुतारानं मला सागवानात घडवलं. पाण्याच्या वेळा वाचायला माझ्यापुढे गर्दी व्हायची. "फलकावर लिहिलंय" म्हटलं की गल्लीतला वाद तिथंच मिटायचा.

पुढं सगळ्या सूचना मोबाइलवर जाऊ लागल्या. माझी किल्ली हरवली, तरी कुणाचं काही अडलं नाही. अडकलो मी, आणि माझ्या पोटातला शेवटचा कागद: 'पाणी दूषित आहे. पिऊ नये.' फुटलेली जलवाहिनी आठवड्यात दुरुस्त झाली. कागद मात्र तीन वर्षं तिथंच राहिला. ओल लागून त्यावरची तारीख पुसून गेली.

एका सकाळी कुणीतरी माझा फोटो काढला. दुपारपर्यंत तो घरोघरी पोहोचला. आपल्यापासून लपवून ठेवलं, असं जो तो म्हणू लागला. कार्यालयानं मोबाइलवर खुलासा पाठवला, तर त्याखाली नुसत्या शिव्या. लोक नळ सोडून खाणीतल्या डबक्यावर कळशा भरू लागले. मी आतल्या आत तळमळत होतो. पण फलकाला तोंड कुठून असणार?

चौथ्या दिवशी कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांची नात जुलाबानं दवाखान्यात गेली. काका तडक कार्यालयात आले आणि कारकूनबाईंना माझ्यापुढं घेऊन आले. त्यांचा आवाज चढला नव्हता.

"ताई, फोनवर तुम्ही म्हणता पाणी चांगलं. इथं तुमचाच फलक म्हणतो वाईट. मी तुमचं कुठलं खरं मानू?"

बाईंनी काचेजवळ वाकून कागद वाचला.

"कागद जुना आहे, काका. काढायचा राहून गेला. चूक आमची."

त्यांनी पंपवाल्याकडून हातोडी मागून घेतली आणि माझी काच फोडून तो कागद काढला. मग काकांना टाकीवर नेऊन त्यांच्यासमोर पाणी तपासलं. काकांनी ते सगळं फोनवर टिपून गल्लीत पाठवलं. निम्म्यांना पटलं. उरलेले म्हणाले, काकांनाही फितवलं. नात आठवड्यानं घरी आली, काठीसारखी वाळलेली.

आता मला नवी काच आहे, नवं कुलूप आहे. बाई रोज तारीख घालून ताजा कागद लावतात. पण तो फोटो अजून गावोगाव फिरतोय आणि त्यात मी त्याच कागदासकट कोंडलेला आहे. तिथली काच कुणाच्याच हातोडीनं फुटत नाही. म्हणून मित्रांनो, माझा फोटो पुढं धाडण्याआधी एकदा समोर येऊन मला वाचा. आणि किल्ली ज्यांच्या हाती आहे, त्यांनी ती हरवू देऊ नये.