मांजरेपलीकडचं सगळं चांगलं

वीज गेली की ईश्वरप्पांना हुरूप यायचा. त्या सकाळीही बिलोलीत वीज गेली आणि ते खाटेवर उठून बसले.

"गेली का? गंगूकडं जात न्हाई बघ. शेतातली मोटार बी चोवीस तास चालती."

महानंदा कणीक मळत होती. शाळा भरायला तासभर होता आणि मिक्सरमध्ये चटणी अर्धवट वाटलेली होती.

"तुम्हाला इथं कोणती मोटार चालवायचीय, अप्पा?"

"तसं न्हाई. बायांना बस फुकट हाय तिकडं. म्हाताऱ्याला पेन्शन जास्ती."

"आपल्याकडं अर्धं तिकीट हाय की. आन् गंगूच्या पोरांना तुमचं नाव तरी लिहिता येतं का मराठीत?"

"लिहून काय करायचं? आज्याला ताता, ताता म्हनत गळ्यात पडतेत. लई झालं."

महानंदाने गोळा परातीत आपटला.

ईश्वरप्पांना मुलगा नव्हता. बायको गेल्यावर ते बिलोलीजवळचं आपलं गाव सोडून थोरल्या महानंदाकडे राहायला आले, त्याला सहा वर्षं झाली होती. धाकटी शिवगंगा, म्हणजे गंगू, मांजरा नदीच्या पलीकडे, तेलंगणात, बोधनजवळच्या गावात दिलेली. दर दोन महिन्यांनी ते आठ दिवस तिच्याकडे जायचे. जायच्या दोन दिवस आधीच पिशवी भरून दाराशी ठेवायचे. आल्यावर पंधरा दिवस तिकडचंच पुराण चालायचं. महानंदा शाळेत शिकवायची, वाचन दांडगं होतं. वर्तमानपत्रात तिकडचं काही छापून आलं की आधी वाचून ठेवायची, उत्तर तयार असावं म्हणून. आपल्याला होतं त्याला मत्सर म्हणतात, हे तिला नीट कळत होतं. पण वडिलांपुढे ती नेहमी विजेचं आणि तिकिटाचंच बोलायची.

दुपारी ते गंगूकडे निघाले. महानंदाचा नवरा राजशेखर त्यांना बसमध्ये बसवून आला. म्हणाला, "पोरासारखे खिडकीत बसलेत." इतका आनंद त्या चेहऱ्यावर तिच्या घरात कधी दिसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगूचा फोन आला. आंघोळ करून, भस्म लावून अप्पा लिंगपूजेला बसले आणि बसल्या जागीच गेले.

महानंदा आणि राजशेखर पोचले तेव्हा लिंगायत रिवाजाप्रमाणे अप्पांना भिंतीला टेकवून बसवलं होतं. डोक्याला फेटा, कपाळभर भस्म, गळ्यात हार. वर पंखा फिरत होता. महानंदाला त्या पंख्याचासुद्धा राग आला. शेवटची सकाळही गंगूच्याच वाट्याला गेली होती.

विधी करणारे जंगम शिवप्पा स्वामी बेलाची पानं निवडत होते. म्हणाले, "मायांनो, समाधी कुठल्या रुद्रभूमीत खांदायची? दिस कलायच्या आत बसवावं लागंल."

"आपल्या गावाकडं," महानंदा म्हणाली. "आईशेजारी."

"इथंच," शिवगंगा म्हणाली. रडून तिचा आवाज बसला होता. "अक्का, इथल्या रुद्रभूमीला नळ हाय, दिवे हायत, फाटकापतोर डांबरी हाय. गावाकडं काय हाय?"

"वाटंतल्या वढ्यावर पूल मंजूर झालाय."

"झालाय का बांधून?"

"होईल की."

"आईला नेताना कमरेएवढं पाणी होतं. खांदेकऱ्याचा पाय घसरला तवा अप्पा काय म्हनले होते, सांग ना. मला असं नेऊ नका म्हनले का न्हाई?"

म्हणाले होते. महानंदा तिथंच उभी होती, ओल्या लुगड्यानं.

"ट्रॅक्टर सांगू का?" राजशेखर हळूच म्हणाला.

"भादव्यात? चाकं रुततेत भाऊजी."

शेजारची धोंडाबाई उंबऱ्यावर बसली होती. तिनं कपाळाला हात लावला. "मेल्यावर बी महाराष्ट्र-तेलंगणा का गं? बसवलंय त्यांना, जरा निवांत बसू तरी द्या."

कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. अप्पा असते तर सगळ्यात मोठ्यानं तेच हसले असते.

"सांगा लवकर," स्वामी म्हणाले. "थोरलीचा शब्द."

सगळे तिच्याकडे पाहू लागले. सवयीनं तिनं उत्तर शोधलं. पाणी, उजेड, वाट. तिच्या बाजूला ह्यातलं एकही नव्हतं. गावच्या रुद्रभूमीत बाभळी होत्या आणि त्यांच्यापलीकडे आईची समाधी, तीही पावसाळ्यात गवतात बुडालेली.

ती अप्पांच्या पुढ्यात बसली. त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. गुडघा थंड होता.

"गंगूचं खरं हाय, अप्पा. तिकडं नळ न्हाई, दिवा न्हाई, तुम्हाला पाण्यातनं न्यावं लागंल. मला सगळं ठाऊक होतं. तुम्ही हिचं नाव घेतलं की माझ्या पोटात आग पडायची, म्हनून भांडत होते. सहा वर्षं माझ्या घरात ऱ्हायलात, आन् एकदा बी म्हनले न्हाई मी." तिनं त्यांच्या गळ्यातला हार सरळ केला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मला तुम्ही लागताव, अप्पा. माझ्याजवळ चला."