आरपार दगड

अकरा डिसेंबरच्या पहाटे कोयनेकडची जमीन हलली आणि इकडं कोल्हापुरात अख्खी शिवाजी पेठ अंथरुणातून उठून रस्त्यावर आली. उजाडल्यावर माणसं घरात परतली, चुली पेटल्या. आकाराम गवंडी मात्र त्या दिवशी कामावर गेला नाही. त्यानं थैलीत ओळंबा टाकला आणि चपला पायांत सरकवल्या.

"कुणी बोलवलंय व्हय?" त्याची बायको शालूबाई म्हणाली.

"न्हाय. पर भिंती मी बांधल्यात न्हवं? बघाय नको?"

पेठेत त्यानं पंधरा-वीस घरं उभी केली होती. दुपारपर्यंत निम्मी बघून झाली. कुठं गिलाव्याचे पोपडे पडले होते, कुठं चार कौलं घसरली होती, पण भिंती सरळ होत्या. मग तो दत्तोपंतांकडं आला. दत्तोपंत कचेरीत कारकून, त्यांच्या पत्नी विमलाबाई मुलींच्या शाळेत शिकवायच्या. मागच्या खोलीच्या दगडी भिंतीला आकारामनं ओळंबा लावला. भिंतीनं मधोमध चांगलं चार बोटं पोट काढलं होतं.

"भूकंपापुढं तुम्ही तरी काय करणार?" दत्तोपंत म्हणाले. "बसा, चहा घ्या."

आकारामनं चहा घेतला. "ह्या खोलीत निजू नका," एवढंच सांगून तो निघाला.

दगडी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती, एक आतली आणि एक बाहेरची. मधे बारीक दगडमातीची भर. दोघी सुटू नयेत म्हणून जागोजागी भिंतीच्या जाडीएवढा लांब दगड आरपार घालावा लागतो. अकरा वर्षांपूर्वी ही भिंत चढत होती तेव्हा जोतिबाची यात्रा लागली. खाणीवरचे पाथरवट यात्रेला गेले आणि लांब दगड येईनात. दत्तोपंतांच्या बहिणीचं लग्न तोंडावर आलेलं. आकारामनं आरपार दगडांवाचूनच भिंत वर नेली. गिलावा झाल्यावर आत काय आहे ते त्याच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुढचे तीन दिवस लहान लहान धक्के येतच राहिले. तिसऱ्या दिवशी तो जेवायला बसला असताना भांड्यातली आमटी हलली. त्यानं हात धुतला आणि तसाच उठून दत्तोपंतांच्या घरी गेला. विमलाबाई सोप्यात वह्या तपासत होत्या. त्यानं उभ्यानंच सगळं सांगितलं.

विमलाबाईंनी पेन खाली ठेवलं. "माझी मुलगी इतकी वर्षं त्याच भिंतीला डोकं लावून झोपली, आकाराम."

"व्हय, बाई."

"त्या दिवशी चहा पिताना का नाही बोललात?"

"भ्यालो."

दत्तोपंत काही बोलणार होते, बाईंनी त्यांना हातानं थांबवलं. "अशी आणखी किती घरं आहेत?"

"एक हाय. पिराजी गवळ्याचं. त्याच साली बांधलेलं, गोठ्याची भिंत तशीच."

"मग इथं काय उभे राहिलात? आधी त्यांना जाऊन सांगा. आमचं नंतर बघू."

पिराजी म्हशी धूत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि बादली आपटली. "येवढ्या भूकंपात पडली न्हाय, आन् आता तू पाडणार व्हय? चल, नीघ!"

संध्याकाळपर्यंत पेठभर झालं, आकाराम पोकळ भिंती बांधतो. ठरलेली दोन कामं गेली. तालमीपुढच्या कट्ट्यावर तो आला की बोलणं थांबायचं. "सांगून काय मिळवलंसा?" शालूबाईनं एकदाच विचारलं. "झोप लागती आता," तो म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून ती त्याच्या हाताखाली पाट्या उचलायला जाऊ लागली.

दत्तोपंतांची भिंत उतरवून पुन्हा बांधायला घेतली. शाळा सुटली की विमलाबाई येऊन उभ्या राहायच्या. प्रत्येक आरपार दगड बसला की त्याच्या तोंडावर चुन्याचा ठिपका द्यायला लावायच्या आणि ठिपके मोजायच्या. आकारामला त्याचा राग आला नाही. एके दिवशी त्यानंच एक दगड बोटभर आखूड आहे म्हणून काढून टाकला, तेव्हा बाई पहिल्यांदा त्याच्याशी हसून बोलल्या.

"पिराजींचं काय झालं?"

"दर आयतवारी जातो. दारात उभं करत न्हाय."

बाई मग स्वतः गेल्या, तेही पिराजी दूध घालायला गेल्यावर. त्याची बायको बाळाबाई शेण काढत होती. भिंत पाडा असं बाई म्हणाल्याच नाहीत. "खाट आणि जनावरं तेवढी त्या भिंतीपासून लांब घ्या," म्हणाल्या. बाळाबाईनं त्याच दिवशी खाट आणि दावण पलीकडं हलवली. पिराजी चिडला, कुरकुरला, पण खुंटे पुन्हा उपटायचा त्यानं कंटाळा केला.

पुढच्या पावसाळ्यात भिंत भिजली, आणखी सैल झाली. दिवाळी सरल्यावर एका दुपारी एक धक्का आला. फार मोठा नव्हता. पेठेतल्या लोकांनी एकमेकांना "कळलं का?" असं विचारलं, एवढंच. पण पिराजीच्या गोठ्याची भिंत आतल्या बाजूनं सुटली आणि रिकाम्या जागेत ढासळली. धुरळा बसला तेव्हा म्हशी पलीकडं माना वर करून उभ्या होत्या. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

संध्याकाळी पिराजी आकारामच्या दारात आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"आधी माझं चुकलंय, पिराजी. बस की."

"बसत न्हाय. उद्या येतोस न्हवं?"

दुसऱ्या दिवशी पिराजी स्वतः खाणीवर गेला. लांब दगड निवडून गाडीतून आणले आणि एकेक खांद्यावर घेऊन आकारामच्या हाताशी ठेवू लागला. तालमीतली चार पोरं बघायला थांबली. ती मागं हात बांधून उभी राहिलेली पाहून पिराजी ओरडला, "बघताय काय? लावा की हात!"