मी अक्षरं खाल्ली नाहीत

मित्रांनो, मी पाट्या बनवण्याच्या दुकानातला एक जुना कॉम्प्युटर आहे आणि माझ्यावर खोटा आळ आला आहे. तोंड नसल्यामुळे आजवर मुकाट सोसलं. आज मात्र सांगणार आहे.

आमचं दुकान बापलेकीचं. वडील पेंटर. ब्रशने ते अशी अक्षरं काढत, की त्यांचा ऐटदार ‘ळ’ बघायला लोक पाटीखाली थांबत. पुढे त्यांचा हात थरथरू लागला. तो पुरता थकण्याआधी लेकीने मला आणलं. वडिलांनी एकेक अक्षर कागदावर काढलं आणि तिने ते माऊसने माझ्यात उतरवलं. मग मला जोडलेलं कटर मशीन रंगीत स्टिकरच्या कागदातून त्याच वळणाची अक्षरं कापू लागलं. “बाबांचं अक्षर आता याच्याकडे आहे,” असं ती गिऱ्हाइकांना सांगायची. तेव्हा मी अगदी फुलून जायचो. जपून ठेवलेले ते कागद तिने एका साफसफाईत टाकून दिले, इतका तिचा माझ्यावर विश्वास!

माझी ऑपरेटिंग सिस्टीम दोनदा बदलली. दोन्ही वेळा तिने आधी सगळं वेगळ्या डिस्कवर घेतलं, एकेक अक्षर उघडून पाहिलं आणि मगच मला पुढच्या आवृत्तीवर नेलं. नंतर ती डिस्क तिच्या आत्तेभावाने सिनेमे भरायला नेली, ती नेलीच. नव्या आवृत्त्या येऊन गेल्या, तरी “चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?” म्हणून तिने माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

मग नवीन कटर आलं. त्याला माझी जुनी सिस्टीम चालेना. दुरुस्तीवाला म्हणाला, “ताई, एकेक आवृत्ती चढत गेलो तर दिवस जाईल. नाहीतर सगळं पुसून थेट वरची टाकतो. कॉपी घेतलीय ना?”

“घेतलीय हो! पुसा तुम्ही. संध्याकाळी पाटी द्यायचीय मला.”

कॉपी घेतली होती, पण कुठे? माझ्याच पोटात, शेजारच्या फोल्डरमध्ये! घर पाडायचं म्हणून सामान उचललं आणि त्याच घराच्या माळ्यावर ठेवलं. सगळं कायमचं पुसलं जाईल, असा इशारा मी पडद्यावर दिला. दुरुस्तीवाल्याने ‘पुढे’ दाबलं. मी पुन्हा विचारलं. तिने स्वतः वाकून ‘पुढे’ दाबलं.

सिस्टीम नवी कोरी झाली. अक्षरं गेली. दुरुस्तीवाल्याने खूप खटपट केली आणि शेवटी मान हलवली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मलाही फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी वडील आले. नव्या पाटीवरचा तयार छापाचा ‘ळ’ त्यांनी बोटाने चाचपला.

“हा कोणाचा गं?”

ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “यानं खाल्ली, बाबा. सगळी अक्षरं खाल्ली मेल्यानं. जुना झालाय.”

मित्रांनो, तिच्या वडिलांची ठेव मी इतकी वर्षं सांभाळली आणि तिनेच माझा केसाने गळा कापला.

“टाक काढून तो डबा,” एवढंच वडील म्हणाले.

जपायच्या गोष्टी दोन जागी ठेवा, इशारे वाचा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. चूक झाली तर ती आपली म्हणा, मुक्यावर ढकलू नका. आज ना उद्या मी भंगारात जाईन, त्याचं मला काही नाही. त्याआधी तिने वडिलांना एकदा खरं सांगावं. हल्ली ते दुकानात आले, की खुर्ची फिरवून माझ्याकडे पाठ करून बसतात.